यायलंय, मालक, यायलंय!

सोलापुरात बाहेरची कोणती साखळी दुकान थाटणार, हे कंपनीच्या संचालक मंडळाला कळतं त्याच सुमारास अण्णांना कळतं. कधीकधी अण्णांना आधी. होटगी रोडला किंवा विजापूर रोडला कोपऱ्यावरच्या एखाद्या गाळ्यासमोर पत्रे उभे राहिले, की अण्णांची ॲक्टिव्हा आपोआप तिकडं वळते. पत्र्यांना फट असतेच. नसली तर अण्णा वॉचमनला तंबाखूची पुडी देतात आणि मग फट सापडते.

फटीतून दिसेल तेवढ्यावर निदान करण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही. "धुराडं गच्चीपर्यंत नेलंय, म्हणजे तळण आहे, कापडाचं दुकान नाही. मागं जनरेटरचा ओटा बांधायलेत. समोर दुचाकीसाठी एवढी जागा सोडलीय. आपला माणूस असता तर त्या जागेत अजून दोन गाळे काढून भाड्यानं दिला असता. ही कंपनी आहे, मालक, कंपनी!" मग फरशी बसवणारा कुठला, एसीचा माणूस पुण्याहून आलाय की हैदराबादहून, याची चौकशी. शेवटी पत्र्यावर 'लवकरच येत आहे'चा फ्लेक्स लागतो, तेव्हा गावाला बातमी कळते आणि अण्णांच्या दृष्टीने ती शिळी झालेली असते.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात सतत 'मालक'. असे अण्णा फक्त सोलापुरातच असतात असं मी म्हणणार नाही. लातूरला आहेत, नांदेडला आहेत, जळगावलाही असणार. पण आमचे अण्णा सिद्धेश्वर तलावाकाठी रोज सकाळी भेटतात, म्हणून त्यांच्यावर लिहिणं सोयीचं.

तलावाकाठच्या मंडळींचा रोजचा विषय पाणी. समोर एवढा तलाव आणि चर्चा नळाची. कारण आमच्या महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि कुठल्या पेठेला कधी, हे पंचांगातही मिळत नाही. अण्णा या चर्चेत कधी पडत नाहीत. कुणी विचारलंच, "अण्णा, तुमच्याकडं पाणी आलं का?" तर म्हणतात, "पाणी येईल की, त्याला काय झालं! पाण्याला सवय आहे उशीर करायची. पण ऐकलं का? यायलंय, मालक, यायलंय!"

मग सगळ्यांच्या हातातल्या काठ्या थांबतात. खोटं कशाला बोला, माझीही थांबते.

देशात कोण कधी आलं याची अण्णांची कालगणना पाठ आहे. 1995 ला केएफसी बंगळूरला. 1996 ला मॅकडोनाल्ड दिल्लीच्या वसंत विहारात, आणि लगोलग मुंबईत. 2012 ला स्टारबक्स मुंबईत, हॉर्निमन सर्कलला. प्रत्येक सालानंतर ते एक उसासा सोडतात आणि त्या उसाशाचा अर्थ असतो, 'आणि आम्ही?' एकदा मी त्यांना सांगितलं की बंगळूरला ते दुकान आलं तेव्हा गाव नुसतं आनंदलं नव्हतं. 1996 च्या जानेवारीत तिथल्या रयत संघाच्या शेतकऱ्यांनी ते दुकान फोडलं होतं. अण्णा बराच वेळ गप्प बसले. "बघा," ते शेवटी म्हणाले, "ज्यांच्याकडं येतंय, ते फोडायलेत. आम्ही हार घेऊन उभे आहोत, तर आमच्याकडं कुणी बघायला तयार नाही."

हे दुखणं जुनं आहे आणि त्याचं मूळ कोल्हापूर आहे. कोल्हापूरला काहीही आधी आलं की अण्णांचं पित्त खवळतं. 2011 च्या जनगणनेचे आकडे त्यांच्या जिभेवर असतात: सोलापूर साडेनऊ लाख, कोल्हापूर साडेपाच. "चार लाख तोंडं जास्ती आहेत आपल्याकडं. जास्त कोण खाईल, तुम्हीच सांगा!" 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, याचं देशातल्या अर्थतज्ज्ञांना जेवढं वाईट वाटलं, त्याहून अण्णांना अधिक. त्यांचा हिशेब असा की नवा आकडा दहा लाखांच्या वर गेला असता, तो आकडा कुठल्यातरी साहेबानं संगणकात बघितला असता आणि नकाशावर सोलापूरपाशी टाचणी टोचली असती. सरकारी ढिलाईमुळे माणसं अनेक गोष्टींना मुकतात; ढिलाईमुळे बर्गर हुकला असं म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. पण मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. या कंपन्या जागा ठरवताना वस्ती, वर्दळ, कॉलेजं, रस्त्याची रुंदी हे सगळं खरंच मोजतात. अण्णा फक्त ते त्यांच्या वतीने, विनावेतन मोजून ठेवतात.

मेव्हण्याचा एक प्लॉट रस्त्यालगत आहे, तो घेऊन अण्णांनी मध्यंतरी थेट मॅकडोनाल्डला पत्र लिहिलं होतं. सोबत सातबारा, नकाशा आणि 'आपल्या संस्थेस' उद्देशून दोन पानं विनंती. पश्चिम आणि दक्षिण भारतातली ही दुकानं एकच मोठी कंपनी चालवते, गल्लीतल्या माणसाला एकेकटी देत नाही, हे त्यांना नंतर कळलं. निराश झाले नाहीत. "चला, कागदपत्रं तरी गोळा झाली," म्हणाले.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र अण्णांना गुण येऊ लागला. त्यांच्या मते सगळ्याची सुरुवात चिमणीपासून. सोलापूरबाहेरच्यांना सांगायला हवं, की ही चिमणी म्हणजे सिद्धेश्वर साखर कारखान्याची. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा होते म्हणून ती वर्षानुवर्षं वादात होती. ठेवावी की पाडावी, यावर आमच्या गावात सख्खे भाऊ बोलेनासे झाले. 15 जून 2023 ला ती पाडली. त्याआधी फेब्रुवारीत मुंबईची वंदे भारत सुरू झाली होती; 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं. अण्णांनी या तीन घटना एका दोरीत ओवल्या. "आधी रेल्वे, मग विमान, मग चिकन. साहेब लोक उतरणार कुठं, खाणार काय, हे कंपनी बघते." चिमणीबद्दल त्यांना आस्था होती. पाडली त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत, हे त्यांच्या पत्नीकडून कळलं. पण संध्याकाळी त्यांनी विमानतळाच्या रस्त्यावरचे मोकळे गाळे मोजले, हे मी स्वतः पाहिलं.

आता एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. ज्या गावात पार्क चौपाटी आहे, डिस्को भजी आहे, जिथली शेंगाचटणी लोक परदेशात बॅगेतून नेतात, त्या गावातल्या माणसानं पावातल्या टिक्कीसाठी एवढं झुरावं? मीही हे अण्णांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण त्यांच्या घरी गेलो तेव्हा थोडा उलगडा झाला. मुलगा पुण्यात, हिंजवडीला. दिवाळीला येतो, दोन दिवसांत कंटाळतो, आणि हुतात्मा एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं. कधीतरी तो बोलून गेला, "बाबा, सोलापुरात आहे काय?" हा प्रश्न आमच्या गावातल्या निम्म्या घरांत विचारला गेलाय. बाकीचे बाप यावर चिडतात किंवा गप्प बसतात. अण्णा उत्तराची यादी करायला लागले. तिच्यात एक-एक नाव वाढलं, की त्याच रात्री पुण्याला व्हॉट्सॲपवर फोटो जातो. पलीकडून अंगठा येतो. अण्णा तो अंगठा मला दाखवतात.

पुण्याबद्दलही त्यांच्या मनात आकस नाही, उलट अभ्यास आहे. मुलाकडे गेले असताना ते हट्टानं कॅम्पातल्या बर्गर किंगमध्ये गेले. परतल्यावर तलावाकाठी जाहीर केलं, "अमेरिकन बर्गर किंगमध्ये खाऊन आलो." कुणीतरी टोकलं, की ते अमेरिकन नव्हे, इराणी कुटुंबाचं, 1992 पासूनचं. अमेरिकेतली कंपनी भारतात आली 2014 ला. नावावरून दोघांचा दावा 2011 पासून चालला होता आणि 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला. पुढं प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. दुसरा कुणी ओशाळला असता. अण्णांची छाती फुगली. "म्हणजे आपल्या माणसानं अमेरिकेच्या आधी बर्गर किंग काढलं? आणि कोर्टात उभा राहिला? मालक, मग मी बरोबर ठिकाणी खाल्लं!"

तर, ते आलं. नाव मुद्दाम सांगत नाही. हा लेख छापून येईपर्यंत अण्णांच्या लेखी ते जुनं झालेलं असेल. एवढं सांगतो की कोंबडीसाठी प्रसिद्ध असलेली साखळी होती, आणि उद्घाटन नेमकं श्रावणात निघालं. सोलापूर म्हणजे सिद्धरामेश्वरांचं गाव. श्रावणात इथं भल्याभल्यांची मटणाची पातेली माळ्यावर जातात, आणि अण्णा तर जन्मजात शाकाहारी. तरी सकाळी साडेनऊला रांगेत पहिला माणूस तेच होते. आदल्या दिवशी त्यांनी जागेची पाहणी केली होती, ऊन कुठल्या बाजूने येतं त्यासकट.

रांग गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यापुढं असते तशी, वळणं घेत गेलेली. कॉलेजची पोरं रील काढत होती. दोन माजी नगरसेवकांचे शुभेच्छांचे फ्लेक्स दुकानाच्या फलकाहून मोठे होते. फलकाचा फोटो काढायचा तर आधी माजी नगरसेवक यायचे. कंपनीच्या व्यवस्थापिकेला नारळ फोडायची कल्पना नव्हती. नारळ अण्णांच्या पिशवीत होता. दारात फोडला, अर्धी वाटी तिच्या हातात ठेवली. ती बिचारी इंग्रजीत आभार मानत राहिली, आणि खोबऱ्याचं काय करायचं ते कंपनीच्या नियमावलीत नसल्यामुळे वाटी तशीच धरून उभी राहिली.

आत ऑर्डर द्यायला माणूस नव्हता, उभी काचेची मशीनं होती. गावाची पंचाईत झाली. अण्णांची नाही, त्यांनी पुण्याला त्या मशीनवर सराव केला होता. पुढचा अर्धा तास ते कंपनीचे बिनपगारी नोकर झाले. "काकू, बोट नुसतं टेकवा, दाबू नका. हिरवा ठिपका बघा. कांदा नको? हितं खाली लिहिलंय." एका आजींनी विचारलं, "बाळा, तेल एकच का रे?" कोणत्याही शाकाहारी घरातला हा खरा प्रश्न. अण्णांनी काउंटरवरच्या पोराला बोलावलं, "काय बे, आजींना नीट सांग." पोरानं वेगळी कढई, वेगळा चिमटा, वेगळं कपाट असं सगळं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि फक्त थंड पेय मागवलं.

आता वाचकांना वाटेल, की अण्णांनी बर्गर एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि घरी येऊन कडक भाकरीवर आडवा हात मारला. तसं झालं नाही. अण्णांना तो व्हेज बर्गर मनापासून आवडला. दुसरा मागवला. बटाट्याच्या कापांवर मसाल्याची पुडी टाकून पिशवी हलवायची असते, ती त्यांनी शेजारच्या टेबलांचीही हलवून दिली. मग बिलावरच्या चौकोनी चिन्हावर मोबाइल धरला आणि कंपनीला अभिप्राय लिहिला: 'सेवा उत्तम. एक नम्र सूचना. केचपच्या पुडीसोबत शेंगाचटणीची पुडी ठेवावी. मॅकडोनाल्डने आपल्यासाठी गाईचं मांस सोडलं, आलू टिक्की काढली, तर आपणास चटणी अवघड नाही. पुरवठादारांची यादी मागवल्यास पाठवीन.' खाली दूरध्वनी क्रमांक, पदासमोर 'निवृत्त'.

दुसऱ्यांदा अण्णा तिथं स्वतःसाठी गेले नाहीत. आवडलं होतं, पण एकदा आलेल्या गोष्टीची वाट कशी बघायची? तिथं जातात ते पाहुण्यांना घेऊन. अक्कलकोटचे आले, पंढरपूरचे आले. परवा बार्शीचे साडू आले, तर स्टेशनवरून घरी न नेता आधी तिकडंच. साडूंनी बर्गर हातात धरून सगळीकडून पाहिला, व्यवस्थित खाल्ला, तोंड पुसलं आणि सहज म्हणाले, "आमच्याकडं पण यायलंय म्हणे. दोन माणसं जागा बघून गेली."

अण्णांच्या हातातला काप तिथंच थांबला. बार्शी म्हणजे तालुका. बार्शी म्हणजे भगवंताचं मंदिर, हे मान्य, पण साखळी? कपाळावरची विभूती सुरकुतली. "बार्शीला? बार्शीला काय यायलंय बे!" साडूंनी शांतपणे थंड पेयाची नळी चोखली. मिनिटभर अण्णा काचेबाहेर वाहनं बघत राहिले. मग खुर्ची पुढं ओढली, खिशातलं एक पेन काढलं आणि कागदी रुमाल उलटा केला.

"जागा कुठली? स्टँडसमोरची का? कोपरा आहे? फ्रंट किती फुटाचा?"