घडणावळ सांगा

आमच्याकडे कुणाचंही लग्न ठरलं की पहिला फोन नानामामांना जातो. कार्यालय, भटजी, आचारी सगळे त्यानंतर. कारण नानामामांना 'सोन्यातलं कळतं'. हे कळणं त्यांच्याकडे कुठून आलं, ते विचारायची सोय नाही. नोकरी केली साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाच्या गाड्या टनांत मोजण्यात हयात गेली आणि आता हा माणूस दहा मिलिग्रॅमसाठी सराफाशी अर्धा तास हुज्जत घालतो. "काट्याचं मला सांगू नका ओ," एवढं ते म्हणाले की काउंटरमागचा पोरगा उगाचच हात मागे घेतो.

मध्यंतरी माझ्या मावसभावाच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायची होती. पोराची नोकरी नवी, त्यात बहिणीच्या शिक्षणाचा हप्ता चालू. बजेट चाळीस हजार, जीएसटी धरून. सोनं तोळ्याला लाखाच्या पलीकडे गेल्यापासून एवढ्या रकमेला सराफ पाणी विचारतो, चहा विचारत नाही. पण नानामामांना खुमखुमी असते ती अशाच खरेदीची. "पाच लाख घेऊन गेलं की कोणपण दागिना आणतंय. चाळिसात आणायला अक्कल लागते."

खरेदी अर्थात कोल्हापुरात, गुजरीत. आधी अंबाबाईचं दर्शन. "सोनं गुजरीचं, चांदी हुपरीची" हे वाक्य देवळाच्या पायरीवरच होऊन जातं. मामांच्या खिशात एक जाड भिंग, चष्म्याच्या डबीत पांढऱ्या दोऱ्याची गुंडी आणि त्या दिवशीच्या पेपरातलं भावाचं कात्रण. कात्रण फक्त आम्हाला दाखवायला. सराफाला भाव विचारणं त्यांना कमीपणाचं वाटतं. दुकानात टेकले की पहिलं वाक्य ठरलेलं :

"भाव बाजाराचा, घडणावळ तुमची. घडणावळ सांगा."

हलक्या दागिन्यात गिऱ्हाईक मार खातं ते इथेच, हे मात्र मामांचं खरं. हिशेब सोपा पडावा म्हणून ते ग्रॅमला दहा हजार धरतात आणि सराफाच्याच कागदावर, सराफाच्याच पेनाने मांडून दाखवतात. तीन ग्रॅमची अंगठी, सोनं तीस हजार. घडणावळ अठरा टक्के लावली तर पाच हजार चारशे. वर तीन टक्के जीएसटी. झाले ३६,४६२. तीच घडणावळ बारा टक्क्यांवर आणली तर ३४,६०८. "अठराशे चोपन्न रुपये," मामा पेनाचं टोपण लावत म्हणतात, "नुसतं तोंड उघडल्याचे." पेन पुष्कळदा त्यांच्याच खिशात जातं.

वजन करताना पंखा बंद. वातानुकूलित दुकान असेल तर एसी बंद. काटा काचेच्या पेटीत असतो, वारा लागत नाही, असं कितीही समजावलं तरी एसी बंदच. सगळं दुकान घामाघूम होतं आणि मामा आकड्याकडे बघत बसतात. अंगठीत खडा असेल तर, "खड्याचं वजन वजा. खडा सोन्याच्या भावानं घ्यायला आलो नाही मी."

घासाघीस अडली की उठून जायचं, हे त्यांचं शेवटचं हत्यार. जुन्या पेढीवर ते फार चालायचं. गादीवरून उठायचं, दाराशी येऊन कोल्हापुरी पायतानं सावकाश, एकेक अंगठा नीट बसवत घालायची. तेवढ्यात मागून "ओ मामा, या की, बसा" अशी हाक ठरलेली. नव्या शोरूमने या कलेचा घात केला. पायतानं काढायची नसतात आणि दारात गणवेशातला रखवालदार असतो. त्या दिवशी मामा ताडकन उठले, दोन पावलं टाकली, आणि त्या भल्या माणसाने इतक्या तत्परतेने दार उघडलं, सलामही ठोकला, की हाक यायच्या आत मामा रस्त्यावर! काचेतून आम्हाला दिसत होते. आधी त्यांनी पार्किंगची पाटी वाचली. मग शेजारच्या दुकानातल्या ठुशी बघितल्या. शेवटी आत येऊन म्हणाले, "छत्री राहिली." डिसेंबर चालू होता. सराफही जुना जाणता, त्याने छत्री शोधायला पोरगा पाठवला आणि घडणावळ दोन टक्क्यांनी उतरवली.

काउंटरवरच्या मुलीने मग एक नाजूक अंगठी पुढे केली. "काका, ही बजेटमध्ये बसते. एक पॉइंट नऊ ग्रॅम." मामांनी भाच्याकडे वळून परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "एक पॉइंट नऊच का केली असेल, सांग बघू?" भाचा इंजिनियर, त्याला सांगता येईना. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून. "तिथं सरकार विचारत नाही. मी विचारतो." दोन ग्रॅमच्या वर मात्र एप्रिल २०२३ पासून सहा खुणांचा एचयूआयडी नंबर असल्याशिवाय दुकानदाराला दागिना विकताच येत नाही. तो नंबर मामा भिंगातून वाचतात, भाचा बीआयएसच्या ॲपमध्ये टाकतो, आणि "आठ आहे का बी आहे?" यावर दोन पिढ्यांचं भांडण लागतं.

"मग चौदा कॅरट दाखवू? हल्ली खूप चालतं." मुलीने सहज विचारलं. तिला काय माहीत, आपण कोणती कळ दाबली!

"चौदा? मोरारजींचं?" मामा खुर्चीत मागे रेलले. १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी केली. देशभरातले सोनार बेकार झाले. आणि नेमका त्याच वर्षी आमच्या थोरल्या मावशीचा, अक्काचा साखरपुडा. अंगठी आली चौदाची. अक्काच्या सासूने ती उजेडात धरून "पितळ बरं असतं यापरीस" असं भर मांडवात म्हटलं, ते मामांनी दहा वर्षांच्या कानांनी ऐकलं. पुढे १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच गेला. मामांचा राग तेवढा शिल्लक आहे. "सक्ती होती तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या. आता हौसेनं घेतात आणि वर ट्रेंड म्हणतात!" हे ऐकायला आसपासची तीन गिऱ्हाइकं थांबली होती. एकाने घडणावळीबद्दल सल्लाही विचारून घेतला.

या सगळ्यात जिच्या बोटात अंगठी जायची ती मुलगी गप्प होती. तिने हळूच अठरा कॅरटची, बारीक हिऱ्याची एक अंगठी दाखवली. हिरा प्रयोगशाळेतला, म्हणून परवडणारा.

"म्हणजे खोटा?"

"नाही काका, खराच. कार्बनच असतो, फक्त जमिनीत न होता मशीनमध्ये होतो."

मामा क्षणभर विचारात पडले. "म्हणजे गुऱ्हाळाऐवजी कारखाना," ते म्हणाले, आणि कारखान्याबद्दल त्यांना आदर असल्यामुळे तो मुद्दा निकालात निघाला. पण मोडीचा मुद्दा होताच. "पोरी, उद्या मोडायला गेलीस तर खड्याचं काय येत नाही."

"मी मोडणारच नाही ना, मामा."

मोडायचाच नसेल असा दागिना मामांच्या हिशेबात बसेना. ते भिंग पुसत राहिले. मग एकदम आमच्याकडे वळून, जणू पहिल्यापासून आपण हेच सांगत होतो अशा आवाजात म्हणाले, "बावीसचं कोंदण मऊ. खडा निखळतो. खड्याची घ्यायची तर अठराचीच घ्यावी, एवढंपण कळत नाही तुम्हाला?"

मग दोरा निघाला. दुकानात मापाच्या रिंगांचा जुडगा असतो, तरी मामा दोऱ्यानेही माप घेतात. एकदा बोटाच्या बुडाशी, एकदा पेरावर, आणि संध्याकाळी बोट जरा सुजतं म्हणून परत एकदा चहानंतर. या दोऱ्यामागची गोष्ट मामींनी सांगितली. त्यांच्या साखरपुड्याला मामांनी वजन पाहिलं, कस पाहिला, घट पाहिली. बोट काही पाहिलं नाही. अंगठी ढिली झाली. मामी अजून तिला मागच्या बाजूने दोरा गुंडाळून घालतात. किती वेळा म्हणाल्या, सोनाराकडे नेऊन लहान करून आणू. पण तेवढ्यासाठी कापलेलं सोनं सोनार किती परत करेल, यावर मामांचा विश्वास नाही.

अंगठी सगळं धरून एकोणचाळीस हजारांत बसली. मामांनी बिलाची घडी भाच्याच्या हातात दिली आणि आम्हा सगळ्यांना जेवायला नेलं. पैसे त्यांनी दिले, वेटरला किती ठेवले ते मोजलंसुद्धा नाही.

तुमच्या घरी असा कुणी असेल, मामा, आत्याचे यजमान किंवा शेजारचे निवृत्त बँकवाले, तर त्यांना जरूर न्या. फक्त पोटभर नाश्ता घालून न्या, गर्दी व्हायच्या आत न्या, आणि दारात रखवालदार नसेल असं दुकान बघा.