अँड कंपनी

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्याला एक पाटी असते. वर नाव, त्याखाली 'अँड कंपनी', त्याखाली 'चार्टर्ड अकाउंटंट्स'. आत सीए एकच. अशी पाटी सांगलीला आहे, नाशिकला आहे, तुमच्या गावातही आहे आणि आतला माणूस सगळीकडे सारखाच. त्याला सगळे सीएकाका म्हणतात. पाटीवरची कंपनी कुठे असते, हा काकांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न. दर जुलैला तो नव्याने उभा राहतो.

एरवी काका सुखी माणूस. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची कामं असतात, ती ताई उरकतात. दुपारी डबा खाऊन काका खुर्चीतच डोळे मिटतात आणि याला ते 'विचार करणं' म्हणतात. मे अखेरीस टीडीएसची रिटर्नं जातात, १५ जूनपर्यंत नोकरदारांच्या हातात फॉर्म १६ पडतो आणि काका आशेने दाराकडे बघू लागतात. कुणी येत नाही. जूनमध्ये फॉर्म १६ घेऊन येणारा पक्षकार काकांनी एकदाच पाहिला. तो पत्ता चुकून आला होता, त्याला खालच्या मजल्यावर फरसाण घ्यायचं होतं.

काकांचं दुखणं थोडक्यात असं: जुलैत त्यांना सात माणसं लागतात आणि फेब्रुवारीत सात जणांचा चहासुद्धा परवडत नाही.

कायमच्या म्हणाव्यात अशा फक्त ताई. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर ताईंना आधी त्याचा पॅन नंबर आठवतो, मग नाव. त्या सहा वाजून दहा मिनिटांनी पर्स उचलतात. इन्कम टॅक्स रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, ३१ जुलैलाही, उचलतात. "माझी सहा सतराची लोकल आहे," एवढं त्या बोलतात आणि काका गप्प बसतात, कारण ताई गेल्या तर कुठली फाइल कुठल्या कपाटात, हे देवालाही सांगता येणार नाही.

मग दोन आर्टिकल, म्हणजे सीएकडे उमेदवारी करणारी मुलं. आठवड्याला ३५ तास काम हा सीए इन्स्टिट्यूटचा नियम. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ते बुधवारी दुपारीच भरतात. काका नियम पाळणारे आहेत, त्यामुळे बुधवारनंतर ते तास मोजतच नाहीत. स्टायपेंडचंही तसंच; इन्स्टिट्यूटने किमान म्हणून ठरवून दिलेली रक्कम हीच काकांची कमाल. पूर्वी आर्टिकलशिप तीन वर्षांची असायची. २०२३ पासून ती दोन वर्षांची झाली. पहिल्या सीझनला पोरगं शिकतं, दुसऱ्याला जरा उपयोगी पडतं आणि तिसरा सीझन इन्स्टिट्यूटने काढून घेतला. या निर्णयावर काका तासभर बोलू शकतात. जुलै सोडून कधीही विचारा.

तयार झालेली मुलं जातात कुठे? ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत. तिथे एसीत बसून अमेरिकनांची रिटर्नं भरतात. तिकडची शेवटची तारीख १५ एप्रिल. "त्यांचा सीझन एप्रिलात संपतो, आपला जूनला सुरू होतो. मग ही पोरं आपल्याकडे दोन महिने का येत नाहीत?" असा काकांचा रास्त सवाल असतो. एका माजी आर्टिकलने हसत हसत पगाराचा आकडा सांगितल्यापासून त्यांनी तो विचारणं सोडलं आहे.

तेव्हा उरतात हंगामी. मेअखेर जिन्यात कागद चिकटतो: 'दोन महिन्यांसाठी मुले-मुली पाहिजेत. बी.कॉम.ला प्राधान्य.' मुलाखत अशी होते.

"टॅली येतं?"

"हो सर."

"एक्सेल?"

"हो सर."

"शेवटच्या तारखेपर्यंत राहशील ना?"

मुलगा पंख्याकडे बघतो. काकाही बघतात. तेवढ्यात ठरतं.

पहिल्या पगारानंतर यातला एक गायब होतो, दुसऱ्याला ताप येतो, तिसऱ्याच्या आत्याचं काहीतरी होतं. शेवटी काकांचा इंजिनीअर भाचा बोलावला जातो, कारण त्याला 'कंप्युटरचं येतं'. तो आल्या आल्या वायफायचा पासवर्ड बदलतो आणि तासभर कुणालाच काही करता येत नाही.

सगळा दोष माणसं न मिळण्याचा नाही, हे मात्र मला ठामपणे म्हणायचं आहे. काकांचा सीझन तयार करतो तो पक्षकार. ३१ जुलै २०२४ या एका दिवसात देशभरात सत्तर लाखांच्या आसपास रिटर्नं भरली गेली. त्यातली पाच लाखांहून जास्त संध्याकाळी सात ते आठ या एका तासात. त्या तासाला ताई लोकलमध्ये होत्या. काकांच्या टेबलावर पिशव्या होत्या. हो, पिशव्याच. साडीच्या दुकानाच्या पिशवीत फॉर्म १६, एलआयसीच्या पावत्या, विजेचं बिल (का, ते कुणालाच माहीत नसतं) आणि सख्ख्या आईला भाडं दिल्याची बारा पावत्यांची चवड, सगळ्या एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. वर पक्षकार म्हणतो, "बघा, काही रिफंड निघतो का."

आणि ओटीपी. पूर्वी सहीला माणूस जिना चढून यायचा. आता आधारचा ओटीपी लागतो आणि तो मिळवायच्या कामावर काकूंची नेमणूक आहे. बिनपगारी.

"नाना, मी सीएंच्या ऑफिसमधून बोलतेय. तुमच्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आलेत, तेवढे सांगा."

"बँकेने सांगितलंय, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही."

"अहो नाना, मी बोलतेय! मंगळागौरीला तुमच्याकडे जेवायला होते."

"तेच तर. ओळखीचं बनूनच फसवतात."

फोन बंद. खात्री पटून नानांनी परत फोन करेपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपलेली असते. निदान नानांचा मोबाइल नानांकडे तरी असतो. कित्येकांच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि मुलगा असतो मेलबर्नला, तिथे त्या वेळी मध्यरात्र.

आता मुदतवाढ. लोकांना वाटतं, तारीख पुढे गेली की काकांना बरं वाटत असेल. २०२५ चं उदाहरण घ्या. २७ मे रोजीच जाहीर झालं की ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर. लोकांनी पिशव्या परत माळ्यावर टाकल्या. काकांची हंगामी मुलं जुलैअखेरपर्यंतच्या बोलीवर होती, ती ठरल्याप्रमाणे गेली. २७ ऑगस्टला गणपती आले. भाचा तळकोकणातला, गणपतीला गावी न जाणारा कोकणी माणूस अजून जन्माला यायचा आहे. सप्टेंबर उजाडताच आर्टिकल परीक्षेच्या रजेवर गेले. अनंत चतुर्दशी ६ तारखेला. विसर्जन आटोपून लोक पिशव्या घेऊन जिना चढू लागले, तेव्हा पाटीवरच्या कंपनीत काका, काकू आणि सहा दहापर्यंत ताई, एवढेच होते.

१५ तारखेला पोर्टल रांगत होतं. काका रात्रीपर्यंत एकेका रिटर्नशी झुंजत राहिले आणि मध्यरात्र व्हायला थोडा वेळ उरला असताना सरकारने आणखी एक दिवस वाढवून दिला. १६ सप्टेंबर. काकूंनी बातमी वाचून दाखवली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "म्हणजे आता उद्याही येणार."

आले. सकाळी आठला पहिला माणूस दारात उभा होता आणि त्याला फी जास्त वाटत होती. "माझ्या मेहुण्याने मोबाइलवर फुकट भरलं," असं तो म्हणाला. काकांनी मेहुण्याला यंदापुरतं कामाला पाठवायची विनंती केली. ती विनोदाने नव्हती.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही गल्लीत एक पाटी असेल. फॉर्म १६ हातात पडला की त्याच आठवड्यात जिना चढा. येताना बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट घेऊन या, विजेचं बिल घरी ठेवा. काकूंचा फोन आला तर त्या खरंच काकू आहेत का, याची खात्री जरूर करा, पण लवकर करा. आणि घरात कुणी बी.कॉम. झालेलं, दोन महिने मोकळं असलेलं, गणपतीला गावी न जाणारं असेल, तर आजच पाठवून द्या. टॅली नाही आलं तरी चालेल.