पाटी वाचली होती का, नाना?

आमचा बंगला आणि नानांचा बंगला यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. नानांनी त्या भिंतीवर स्वहस्ते पाटी लावली आहे: ‘भिंतीवर कपडे वाळत घालू नयेत. फुले तोडू नयेत.’ त्याखाली माईंनी खडूने लिहिलंय, ‘गप्पांना मनाई नाही.’ पावसाने खडू पुसला गेला की माई पुन्हा लिहितात.

मुलाकडे अमेरिकेत, मिलवॉकीला तीन महिने राहून दोघं परवा परतले. आज सकाळी मी कढीपत्ता तोडायला बाहेर आले, तर नाना भिंतीशी हजर. डोक्यावर नवीकोरी टोपी.

“विचार, कुठली ते.”

“कुठली?”

“व्हिसलिंग स्ट्रेट्स! तळ्याकाठचं गोल्फचं मैदान. पीजीए चॅम्पियनशिप झालीय तिथे तीनदा. खेळून आलो.”

“वारा शिट्ट्या घालतो म्हणे तिथे,” माई तुळशीला पाणी घालता घालता म्हणाल्या. “ह्यांचा चेंडू त्या वाऱ्याचं ऐकतो. ह्यांचं नाही.”

नाना बँकेतून निवृत्त झाल्यावर एका मित्राचं बोट धरून येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर हा खेळ शिकले. तेव्हापासून माईंना गोल्फमधलं सगळं कळतं. फक्त त्यात मजा काय असते, तेवढं कळत नाही.

शेजारधर्माला जागून मी पहिला प्रश्न विचारला. “किती पडले?”

नाना इकडेतिकडे बघायला लागले. “मुलाने दिले गं. पाचशे डॉलरच्या वर. कॅडीचे वेगळे.”

“म्हणजे चाळीस हजारांच्या पुढे,” माईंचा हिशेब तयार होता. “तेवढ्यात वरच्या बाथरूमच्या फरशा झाल्या असत्या.”

“बाथरूमचं नाव काढलंस ते बरं झालं,” नाना खुलले. “अगं, तुमच्याकडे मागच्या वर्षी नवे नळ बसवले ना? कुठल्या कंपनीचे?”

“कोहलर.”

“त्याच कोहलरचं हे मैदान! विस्कॉन्सिनमध्ये कोहलर नावाचं अख्खं गावच आहे. नळ, टब, कमोड विकून पैसा आला आणि त्यांच्या हर्ब कोहलरसाहेबांना गोल्फचं वेड लागलं. मिशिगन तळ्याच्या काठाला त्यांनी जागा घेतली. आधी तिथे लष्कराचा तळ होता, विमानविरोधी तोफांचा सराव चालायचा. पुढे वीज कंपनी तिथे अणुभट्टी काढणार होती, तेही बारगळलं. जमीन अशी, की पोळपाट बरा. साहेबांनी पीट डाय नावाच्या आराखडेकाराला बोलावलं आणि सांगितलं, मला इथे आयर्लंड पाहिजे.”

“आणि मग?”

“मग काय! 13,000 च्या वर ट्रक वाळू आणून ओतली. टेकड्या केल्या, घळी केल्या, वर उंच गवत लावलं. 1998 साली मैदान उघडलं. आज बघशील तर शपथेवर सांगशील की हे वाऱ्यानेच घडवलंय. वर काळ्या तोंडाच्या स्कॉटिश मेंढ्या सोडल्यात चरायला. मी टी-वर उभा, आणि एक मेंढी माझ्याकडे अशी बघत होती, की...”

“की हा माणूस आणखी किती वेळ घेणार,” माई म्हणाल्या.

मी विचारलं, “पण तळं ते तळंच ना? आपल्या पाषाणसारखं?”

नाना क्षणभर गप्प झाले. मग जरा हळूच म्हणाले, “आम्ही भल्या पहाटे गेलो होतो. तळं पूर्वेला. सूर्य पाण्यातून वर आला. पलीकडचा काठ दिसतच नाही. लाटा येऊन दगडांवर आपटतायत, पण नाकाला खारा वास नाही. समुद्र असावा आणि त्यातलं मीठ कुणी काढून घ्यावं, तसं वाटलं बघ.”

एवढं ऐकल्यावर माईसुद्धा काही बोलल्या नाहीत.

“तिथे गाडी मिळत नाही,” नाना पुन्हा खेळाकडे वळले. “चालायचं. गवत नाजूक, त्यावर चाकं नकोत. पिशवी कॅडी उचलतो. माझा कॅडी कॉलेजातला पोरगा. पहिल्या दोन फटक्यांत त्याने मला ओळखलं. त्यानंतर चेंडू कुठे मारायचा हे सांगायचं सोडून, कुठे मारायचा नाही तेवढंच सांगायला लागला.”

“आणि तुम्ही?”

“नेमका तिथेच मारला. वाळूचे खड्डे किती आहेत माहितीय? बंकर गं, बंकर. हजाराच्या आसपास! काही तर असे कोपऱ्यात, की माणूस चुकूनही तिकडे जाणार नाही.”

“हे गेले,” माई.

“गेलो. खड्डा माझ्या खांद्याएवढा. आत लाकडी पायऱ्या उतरून जायचं. पहिला फटका मारला, चेंडू भिंतीला आपटून माझ्याच पायाशी. दुसरा तसाच. तिसऱ्याला नुसती वाळू उडाली, अर्धी तोंडात. चौथ्याला चेंडू बाहेर पडला आणि कॅडीने टाळ्या वाजवल्या. पोरगं मनाचं चांगलं.”

“आणि तो सतरावा होल सांगा ना हिला,” माई आता कठड्याला टेकल्या. “त्याचं नाव सांगा.”

नाना नाइलाजाने म्हणाले, “तिथे प्रत्येक होलला नाव आहे. सतराव्याचं नाव पिंच्ड नर्व्ह.”

“दबलेली नस!” माईंना हसू आवरेना. “अगं, दोन वर्षं ह्यांच्या कमरेची नस दबलीय म्हणून मी शेक देतेय. आणि हे चाळीस हजार मोजून तीच बघायला गेले.”

“थट्टा नाही ती. डाव्या हाताला खाली थेट तळं. वारा तोंडावर. तिथे मी दोन चेंडू मिशिगनला अर्पण केले आणि नमस्कार करून पुढे निघालो.”

मग नानांनी आपली दैना झाकायला मोठ्या मंडळींची गाऱ्हाणी काढली. 2004 साली तिथे पहिली पीजीए चॅम्पियनशिप झाली, ती फिजीच्या विजय सिंगने जिंकली. शेवटच्या दिवशी त्याने 76 फटके घेतले, ठरल्यापेक्षा एक फटका कमी म्हणजे बर्डी, ती दिवसभरात एकही नाही. ती मिळाली थेट बरोबरी झाल्यावर, प्लेऑफच्या पहिल्या होलवर, आणि तेवढ्यावर करंडक त्याचा. 2015 ला ऑस्ट्रेलियाचा जेसन डे जिंकला. “आणि त्याच स्पर्धेत आपला अनिर्बान लाहिरी संयुक्त पाचवा! जन्म कुठला त्याचा? पुण्याचा!” हे सांगताना नानांनी टोपी सारखी केली, जणू त्यात त्यांचाही थोडा वाटा होता. 2021 मध्ये तिथे रायडर कप झाला, त्यात अमेरिकेने युरोपला 19-9 असं धुतलं.

“पण खरी गंमत 2010 ची,” नाना भिंतीवर पुढे झुकले. “डस्टिन जॉन्सन. शेवटचा होल, एका फटक्याने पुढे. चेंडू गेला उजवीकडे, पार प्रेक्षकांत. तिथे लोकांनी तुडवलेली वाळू. त्याला वाटलं, साधी मळलेली जागा आहे. मारण्याआधी काठी वाळूला टेकवली. बंकरमध्ये काठी टेकवायची नसते. होल संपवून आला, बरोबरी झालेली, प्लेऑफ खेळायचा म्हणून तयारीत, तर अधिकारी म्हणाले, तो बंकर होता. दोन फटक्यांचा दंड! प्लेऑफ गेला, करंडक गेला. जर्मनीचा मार्टिन कायमर घेऊन गेला.”

“अहो, पण त्या बिचाऱ्याला कसं कळणार? लोक उभे होते त्या खड्ड्यात!”

“तेच तर! खेळाडूंच्या खोलीत सूचना लावली होती. मैदानावरचा वाळूचा प्रत्येक खड्डा बंकरच धरला जाईल, तो दोरीबाहेर असो, त्यात पावलं उमटलेली असोत. सगळं लेखी होतं. त्याने वाचलं नाही.”

मी आणि माईंनी एकदमच त्या भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या हातून हे झालं नसतं. आम्ही दुकानात शिरण्याआधी दुकानाची वेळ, उधारीचं धोरण आणि बेल किती वेळा वाजवावी, एवढं वाचूनच पाय आत टाकतो.

“नाना, तुम्ही वाचली होती का हो तिथली सूचना?”

नाना टोपी काढून तिच्यावरची न दिसणारी धूळ झटकायला लागले. “मी स्पर्धा थोडीच खेळत होतो? आणि माझ्या बाबतीत वाद नव्हताच. मी जिथे होतो, तो बंकरच होता.”

तर तुमचं कुणी मिलवॉकीकडे असेल, तर जाऊन या. तिथून तासाभराची वाट आहे. सभासद असावं लागत नाही, पैसे मोजले की कुणालाही खेळता येतं. गुडघे तेवढे आधी तपासून घ्या, कारण अठरा होल पायीच. चेंडू जास्तीचे न्या. आणि भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं, तर दोन मिनिटं थांबून वाचा.