पहिल्या रांगेचा मान

गोंदिया हा सारस पक्ष्यांचा जिल्हा. लांब पायांना जागा लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच बिरसीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या एटीआर विमानात पुढच्या रांगेसाठी जादा पैसे मोजणाऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. २०२२ साली ‘उडान’ योजनेतून प्रवासी विमान आले, पण त्यात बिझनेस क्लास नव्हता. आता राइस मिलवाला आणि त्याचा मुनीम एकाच भाड्यात उडणार म्हणजे काय! पहिल्या रांगेने ती लाज राखली. पंखे तेच, घरघर तीच, पाण्याचा पेलाही तोच. मान मात्र वेगळा.

हा विचार इथेच थांबू नये. एसटीत ड्रायव्हरमागच्या बाकाला ‘कॉकपिट दर्शन’ म्हणून दुप्पट भाडे लावावे. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये इंजिनाजवळच्या डब्याला अधिभार असावा. तो डबा मुंबईला आधी पोहोचतो, हे कुणीही मान्य करील.

परवा आमचे एक स्नेही असेच पहिल्या रांगेतून आले. ऐटीत उठले, कोट झटकला, आणि तसेच उभे राहिले. एटीआरला प्रवाशांचे दार मागे असते. पुढे असतो तो सामानाचा कप्पा. शेवटच्या रांगेतला त्यांचा मुनीम तोवर बाहेर ऑटो ठरवून, तोंडात खर्रा टाकून, शेठजींची वाट पाहत होता.