विक्रमी मासा एकट्याने कसा पकडावा?

समुद्रात गळ टाकून विक्रमी मासा पकडायचा असेल, तर आधी दंड कमवू नयेत, माणसं जमवावीत. मासा ‘एकट्याने’ पकडायला तुमच्याखेरीज किमान दोघं लागतात : नाव हाकणारा तांडेल आणि हाताखाली एक खलाशी. नियमांची याला आडकाठी नाही. १९३९ साली स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ची मुख्य अट एवढीच, की मासा गळाला लागल्यापासून हाती येईपर्यंत काठी, रीळ आणि दोरी यांना दुसऱ्या कोणी हात लावू नये. नाव कोणी वळवावी आणि घामाघूम कोणी व्हावं, याबाबत नियम उदार आहेत.

आता कृती. नावेवरच्या खास खुर्चीत बसावं, काठीचा बुंधा समोरच्या खोबणीत टेकवावा आणि पाठीमागून आलेला पट्टा रिळाला अडकवावा. हा पट्टा खुर्चीला बांधलात तर मासा बाद. मासा पळू लागला की शांत राहावं. रिळाचा ब्रेक करकरत दोरी सोडत राहतो, तुम्ही चेहऱ्यावर झुंजार भाव आणावा. मासा थबकला की काठी वर उचलावी आणि खाली झुकवताना रीळ गुंडाळावं. या अवधीत तांडेल नाव उलटी हाकत माशामागे जातो आणि गेलेली दोरी तुम्हाला परत मिळवून देतो. अखेरीस खलाशी हातमोजे चढवतो, गळालगतची जाड दोरी (तिला हात लावायची मात्र नियमात मुभा आहे) पंजाभोवती वेढून घेतो आणि मासा नावेलगत ओढतो. हात निखळायची भीती त्याला, मासा तुमचा.

कोणी म्हणेल, ही तर आयत्या बिळावर नागोबाची गोष्ट झाली. मोठा मासा हा शेवटी ताकदीचाच कस. असं म्हणणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. असोसिएशनच्या वर्गवारीतली सर्वांत भक्कम दोरी ६० किलो ताणाची. आल्फ्रेड ग्लासेल यांनी ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूच्या काबो ब्लांकोजवळ पकडलेला काळा मार्लिन १,५६० पौंडांचा, म्हणजे ७०० किलोंहून जड. असल्या धुडाला निव्वळ बळाने खेचायला भीम बसवला, तरी आधी दोरीच तुटेल. ताकद चालत नाही, तिथे नाव चालवावी लागते.

दुसरा आक्षेप साहित्यप्रेमींचा : हेमिंग्वेच्या कादंबरीतला म्हातारा कोळी सांतियागो तर एकटाच होता! होता, पण विक्रमाच्या यादीत त्याला थारा नाही. त्याच्याकडे ना काठी ना रीळ, नुसती हातदोरी. शिवाय नावेवर घेण्याआधीच शार्कने लचके तोडलेला मासा नियमात बसत नाही. २०२३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ‘बिग रॉक’ स्पर्धेत ६१९ पौंडांचा निळा मार्लिन याच कारणाने बाद झाला आणि सुमारे ३५ लाख डॉलरचं बक्षीस हुकलं. गंमत म्हणजे, हेमिंग्वेच्या त्या कादंबरीवरच्या १९५८ सालच्या चित्रपटात म्हाताऱ्याचा म्हणून जो मार्लिन उसळ्या मारतो, त्याची काही दृश्यं ग्लासेल यांच्याच माशाची आहेत. एकाकी झुंज पडद्यावर दाखवायलासुद्धा माणसांनी भरलेली नाव लागली.

तेव्हा आधी तांडेल निवडा, मग समुद्र आणि सर्वांत शेवटी काठी. विक्रमाच्या रकान्यात एकाच नावाला जागा असते, ती खुशाल तुम्ही घ्या. फोटोत मात्र भरपूर जागा असते. तिथे त्या दोघांना पुढे उभं करा आणि धक्क्यावर पाय ठेवण्याआधी त्यांची बिदागी चुकती करा.