निवडीचा घाट

मजकुराभोवती नावांच्या खुणा, म्हणजे टॅग, बांधून तो यंत्राला वाचता येईल असा करणारी एक्सएमएल ही पद्धत १९९८ साली प्रमाणित झाली. हॅस्केल या शुद्ध फंक्शनल भाषेत, म्हणजे जिथे प्रोग्रॅम गणिती फलनांच्या जोडणीतून रचला जातो तिथे, एक्सएमएल उलगडणाऱ्या लायब्रऱ्यांची श्रीमंती अभिनंदनीय आहे. हॅक्सएमएल लहान गाळण्या जोडून मोठी गाळणी करते, एचएक्सटी तीच कल्पना ‘अ‍ॅरो’ नावाच्या अमूर्त रचनेपर्यंत नेते, हेक्सपॅट वेगासाठी सी भाषेतील एक्सपॅट आत घेते (सोवळ्यात एवढे चालते), तर टॅगसूप मोडकी फाइलही मनाला लावून घेत नाही.

खोपोलीच्या एखाद्या करसल्लागाराला आयकर विवरणपत्राच्या एक्सएमएल फाइलमधून फक्त पॅन क्रमांक हवा असला, तरी या साऱ्यांचा तौलनिक अभ्यास टाळणे बेजबाबदारपणाचे ठरेल. भोर घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडतात. घाटाच्या वाटेलाही न जाणाऱ्या खोपोली लोकलला ती नाकारणे हा उघड अन्याय आहे. शिवाय फाइल उघडणे हा साइड इफेक्ट, म्हणजे फलनाचा बाहेरच्या जगाशी होणारा व्यवहार, असल्याने भाषेची शुद्धता जपणाऱ्याने ती न उघडताच निवड करत राहणे अधिक तत्त्वनिष्ठ होय.

२०२१ साली आयकर विभागाने विवरणपत्रांसाठी एक्सएमएल सोडून जेसन ही दुसरी पद्धत स्वीकारली. जेसनसाठीच्या हॅस्केल लायब्रऱ्यांचा तौलनिक अभ्यास समाधानकारकपणे सुरू आहे.