गणपूर्ती

रत्नागिरीतल्या माणसावर लिहायला बसलं की अंतू बर्वा आडवा येतो. पु. ल. देशपांड्यांनी मधल्या आळीतल्या म्हाताऱ्यांची अशी काही कायमची सोय लावून ठेवली आहे की पुढच्यांना साधी सुपारी कातरायलाही जागा उरली नाही. पण एक गोष्ट तेव्हा व्हायची होती. त्या काळी मागे राहायचे ते म्हातारे, आणि मुंबईला जायचे ते मुलगे. आता मागे राहतो तो बत्तीस वर्षांचा असतो, त्याच्याकडे स्कूटर असते, आणि म्हातारे मुलाबरोबर पुण्याच्या फ्लॅटमध्ये लिफ्टला घाबरत बसलेले असतात. रत्नागिरीतल्या दर मित्रमंडळात असा एक राहिलेला असतो. नाचण्यात असतो, पेठकिल्ल्यात असतो, खालच्या आळीत असतो. आमच्यातला जो राहिला, त्याला आम्ही अध्यक्ष म्हणतो.

हे पद त्याला कोणी दिलं नाही. बाकीचे वारस परागंदा झाले की सामायिक विहीर जशी उरलेल्याच्या गळ्यात पडते, तसं ते त्याच्याकडे आलं. गोगटे-जोगळेकर कॉलेजात होतो तेव्हा आम्ही अकरा होतो. अकरा म्हणजे पुरी क्रिकेटची टीम. बारावा नव्हता म्हणून मॅचच्या दिवशी कोणी आजारी पडायचं नाही, एवढाच काय तो आमचा नियम. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर बसायचं, काळ्या समुद्राकडे तोंड करून भेळ खायची आणि कोण आधी बाहेर पडणार यावर पैजा लावायच्या. पैजेत अध्यक्षाचं नाव पहिलं होतं. त्याला गणितात सर्वांत जास्त मार्क होते.

मग एकेक जण गेला. कोणी हिंजवडीला, कोणी ठाण्याला, एक दुबईला. अध्यक्ष मात्र 'तात्पुरता' म्हणून एका पतपेढीत चिकटला. आम्हाला वाटलं, हा तिथून पगार आणेल. त्याने भाषा आणली. दर शनिवारी आमच्या ग्रुपवर नोटीस पडू लागली: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कट्ट्याची साप्ताहिक सभा सायंकाळी सहा वाजता मांडवी जेटी येथे होईल. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल. त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.'

पहिल्या वर्षी या नोटिशीला आम्ही पोट धरून हसलो. गावात अजून चौघे होते. पुढच्या वर्षी दोघे उरले. तिसऱ्या वर्षापासून सहा वाजता अध्यक्ष एकटा जेटीवर जातो, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करतो, अर्धा तास समुद्र बघतो आणि साडेसहाला नियमाप्रमाणे सभा सुरू करतो. ठराव एकमताने मंजूर होतात. खरी गणपूर्ती वर्षातून एकदाच, गणपतीत.

तसं पाहिलं तर रत्नागिरीत माणूस टिकावा म्हणून पूर्वी सरकार बरंच झटायचं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं. तो 1916 साली इथेच गेला. सावरकरांना 1924 ते 1937 जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. ज्यांच्यावर बंदी नव्हती ते लोकमान्य. 1856 साली इथे जन्मले आणि दहाव्या वर्षी पुण्याला. अध्यक्ष हे सगळं पाहुण्यांना थिबा पॅलेसच्या दारात उभं राहून सांगतो आणि शेवटी म्हणतो, "सरकारने अडवल्याशिवाय इथे कोणी राहत नाही. मला कोणी अडवलं, तेवढं अजून कळलेलं नाही."

खरं तर त्याला अडवलं आशेनं. आमच्याकडे आशा प्रकल्पांच्या रूपाने येते. आमच्या जन्माच्या आसपास तांब्याचा कारखाना येणार होता. आंबेवाले उठले आणि तो निघून गेला. मग एन्रॉन, मग जैतापूर. नाणारची रिफायनरी आली-आली म्हणेतो 2019 साली गेली, पुढे बारसूचं नाव निघालं. आमच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडले. पुण्यात राहणारे प्रकल्पाचे कडवे विरोधक, कारण गावचा समुद्र त्यांना सुट्टीत जसाच्या तसा हवा. ठाण्यात राहणारे कडवे समर्थक, कारण गावच्या जमिनीला भाव यायला हवा. दोन दिवस तुंबळ युद्ध झालं. तिसऱ्या दिवशी अध्यक्षाने विचारलं, "इथे राहणाऱ्याला मत आहे का?" त्यावर दोघांनी अंगठा पाठवला.

रेल्वेचंही तसंच. 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हा आता मुंबई जवळ आली म्हणून गावाने पेढे वाटले. आली खरी जवळ. इतकी जवळ, की पोरं संध्याकाळी जेवून निघायची आणि उजाडायच्या आत चाकरमानी व्हायची.

अध्यक्षाला जनगणनेचे आकडे तोंडपाठ आहेत, जसे आपल्याला शाळेतले पाढे. "2001ला जिल्हा 16,96,777. 2011ला 16,15,069. म्हणजे दहा वर्षांत 81,708 माणूस वजा. आणि रत्नागिरी शहर किती? 76,229. म्हणजे बघ, एक अख्खं रत्नागिरी उठून गेलं आणि वर साडेपाच हजार सोबतीला." शहर स्वतः थोडं वाढलं, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. खेड्यातला शहरात आला, शहरातला मुंबईला गेला, मधल्या मधे इमारती वाढल्या. संध्याकाळी सातला मारुती मंदिराच्या बाजूच्या नव्या इमारतींकडे बघा, म्हणतो, दिवे मोजा. 2021ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आमच्यातलं कोण कोण गेलं हे सरकारदरबारी अजून नोंदलेलं नाही. ते फक्त अध्यक्षाला ठाऊक आहे.

2011च्याच जनगणनेत आणखी एक आकडा आहे. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 बायका. हा आकडा ऐकून घाटावरची लग्नाळू मुलं उसासे टाकतात. त्यांना गणित कळत नाही. बायका जास्त नाहीत, पुरुष गेलेत. आणि जे राहिले त्यांना मुलींकडून पहिला प्रश्न येतो, "मुंबई की पुणे?" अध्यक्ष सांगतो, "स्वतःचं घर आहे, चाळीस कलमं आहेत, समुद्र चालत दहा मिनिटांवर." पलीकडून उत्तर येतं, "हो, पण मुलगा असतो कुठे?"

आता त्याच्या कामाचं. राहिलेला माणूस रिकामा असतो, असा गेलेल्यांचा समज असतो. कोकणकन्या पहाटे येते, स्टेशन गावाबाहेर. अध्यक्ष स्कूटर घेऊन फलाटावर, कुठला डबा कुठे थांबतो त्याच्या बरोबर समोर उभा. माझ्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याने नेलं, दुसऱ्याच्या वडिलांचं पेन्शनचं काम त्याने केलं. मे महिन्यात तर आमचं प्रेम मोहोरापेक्षा दाट येतं. "दोन पेट्या पाठव रे, घरच्या दराने." घरचा दर म्हणजे तो आंबा काढतो, पिकत घालतो, पेंढ्यात बसवतो, पार्सलचं भाडं भरतो, आणि आपण आठ दिवसांनी कळवतो की तीन आंब्यांत साका निघाला.

पण त्याचं खरं खातं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. हा जुडगा बघण्यासारखा आहे. बंद घरांच्या सात किल्ल्या. एकीला लाल लोकर, एकीला इलेक्ट्रिशियनची काळी टेप, एकीला खोकल्याच्या औषधाचं झाकण भोक पाडून बांधलेलं. ते घर कंपाउंडरकाकांचं. माझ्या घराच्या किल्लीला हिरवी चिंधी आहे. नीट पाहिलं तर ती आमच्या टीमच्या शर्टाची बाही निघते. पावसाआधी तो सातही घरांची कौलं बघतो, पन्हळी साफ करतो, नळ सोडून बघतो, वाळवी शोधतो, माडाखालचे नारळ गोळा करून ज्याचे त्याच्या पडवीत रचतो. हे कोणीही भला शेजारी करेल. पण मागच्या खेपेला मी घर उघडलं तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर चालू महिना! दोन वर्षं बंद घर, आणि तारीख आजची. विचारलं तर म्हणाला, "दर एक तारखेला पानं उलटून येतो. मेल्या, घराला महिना कळायला नको?" डिसेंबरात तो सात कालनिर्णय एकदम घेतो. दुकानदाराला वाटतं, हा निवडणुकीला उभा राहणार.

ग्रुपवर तो रोज संध्याकाळी समुद्राचा फोटो टाकतो. खाली दोनच शब्द, 'आजचा समुद्र'. आधी आम्ही त्यावर पानभर लिहायचो. मग 'वा' वर आलो, मग अंगठ्यावर, आता नुसत्या निळ्या खुणा. दुबईवाला तेवढा फोटो उचलून स्वतःच्या स्टेटसला लावतो आणि खाली लिहितो, 'माझी रत्नागिरी'.

येण्याची वचनं मात्र आम्ही सढळ हाताने देतो. "हायवे झाला की दर महिन्याला येतो" हे त्यातलं सर्वांत टिकाऊ. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं; तेव्हापासून आमच्या मैत्रीला सबब कमी पडलेली नाही. दुसरी सबब तिकिटाची. पूर्वी गाडीचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. चार महिने आधी अध्यक्षाला कळायचं की यंदा कोण येणार नाही. 2024च्या नोव्हेंबरपासून ते 60 दिवसांवर आलं. अध्यक्षाने या निर्णयाचं स्वागत केलं. "आशेला दोन महिने वाढवून मिळाले," म्हणाला.

आणि गणपतीत गणपूर्ती झालीच, तर होतं काय? विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे भाट्याच्या पुलावर पेट्रोल संपलं तेव्हा हवालदाराकडूनच गाडी ढकलून घेतली, तो किस्सा. इतिवृत्तात दुरुस्त्या सुचवता येतात, त्यामुळे एक हवालदार होता त्याचे आता तीन झालेत आणि मागे साहेबांची जीप आहे. सगळे तिथेच हसतात जिथे गेल्या वर्षी हसले होते. मग कर्जाचे हप्ते, शाळाप्रवेश, पित्त. आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' आला, की प्रत्येकाला फोनमध्ये काही तरी महत्त्वाचं सापडतं. एकाची नोकरी गेली होती, एकाचा संसार मोडत होता. हे सभेपुढे कधी आलं नाही. अध्यक्षाला मात्र दोन्ही आठ महिन्यांपूर्वीच ठाऊक होतं, कारण आया आपली रडगाणी त्याच्यापाशी गातात. त्याने कुणाकुणाला सांगितलं? कुणालाही नाही. इतिवृत्तात काय येऊ नये, हेही त्यालाच कळतं.

यंदा गौरी-गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सभा होती. अकरांतले चौघे आलो होतो. रात्रीच्या गाडीने परतायचं, त्याआधी किल्ल्या अध्यक्षाच्या हवाली करायच्या. सहा वाजले. पाऊस भुरभुरत होता. जेटीवर आम्ही चौघे हजर, आणि अध्यक्ष नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. फोन लावला.

"अरे, पालीला आलोय," तो हळू आवाजात म्हणाला. "मुलगी बघायला. पितृपक्ष लागायच्या आत उरकायचं म्हणून काका घेऊन आले. चहा चाललाय. अर्धा तास थांबा."

"मुलगी करते काय?"

"पुण्यात नोकरीला आहे. तिकडचं काही जमतं का, विचारत होती." थोडा थांबला. "मी बघतो म्हटलं."

फोन ठेवला. बत्तीस वर्षांच्या मित्राचं एकदाचं जुळतंय. आम्ही उड्या मारायला हव्या होत्या. चौघांपैकी एकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "मग किल्ल्या कोणाकडे?"

ते वाक्य माझंच होतं.

नंतर कोणी फारसं बोललं नाही. इतिवृत्त सुरू करून पाहिलं, पण हवालदार किती यावर एकमत होईना. खरा आकडा अध्यक्षालाच माहीत. भेळवाल्याने निळं प्लास्टिक ताणून गाडी लावली होती. चार भेळ देता देता त्याने चौकशी केली, "पावण्यांनी थिबा पॅलेस बघितलाव का?"

"आम्ही पाहुणे नाही," ठाणेवाला जरा जोरातच म्हणाला. "इथलेच आहोत."

"हो का?" भेळवाल्याने आमच्याकडे निरखून पाहिलं. "मग दिसला नाहीत कधी ते? इथला एक येतो दर शनिवारी. एकटाच बसतो."

मी खिशात हात घातला. हिरव्या चिंधीची किल्ली हाताला लागली. साडेसहा वाजून गेले होते. नियमाप्रमाणे सभा सुरू करायला हरकत नव्हती, गणपूर्तीचीही आवश्यकता नव्हती.

कोणी सुरू केली नाही.